अक्कांची अक्षत

इंटरनेटवर कोणाशी ओळख जोडली गेली की त्या माणसाच्या दारी अक्षत घेऊन जायचे, हा नियम जगात बहुधा एकाच व्यक्तीने पाळला असेल. ती व्यक्ती म्हणजे आमच्या शेजारच्या अक्का. लग्नकार्याच्या आमंत्रणाला आपण कुंकू लावलेले तांदूळ हातावर ठेवतो. अक्का ते साध्या ओळखीलाही ठेवीत. “कार्य कसले?” असे मी एकदा विचारले. “ओळख झाली, हे कार्य नव्हे काय मेष्ट्रे?” त्या म्हणाल्या. आमच्या मैसूरकडे मास्तरांना मेष्ट्रे म्हणतात.

आमचा समाज मूळचा कापड रंगवणारा आणि छापणारा. अक्का कागदाच्या छपाईत होत्या. एका छापखान्याचे कार्यालय त्यांनी सव्वीस वर्षे सांभाळले. तो बंद झाला तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. घरी थकलेली आई. मिळवते दुसरे कोणी नाही. नोकरी हवीच होती.

मी शाळेत संगणक शिकवतो. रविवारी समाजाच्या सभागृहात नोकरी शोधणाऱ्यांचा वर्गही घेतो. नोकरीच्या संकेतस्थळावर खाते कसे असावे, याचे फळ्यावर तीन नियम असत : फोटो स्वच्छ असावा, माहिती थोडक्यात असावी, आपल्या क्षेत्राशी संबंध नसलेल्यांची गर्दी जमवू नये. अक्का पहिल्या बाकावर बसून सगळे वहीत उतरवून घेत आणि घरी जाऊन नेमके उलट करीत. स्वतःची माहिती त्यांनी आजोबांपासून सुरू केली होती. मी ती खोडली. “नोडी, बघा की, कोणाच्या घरची ते कळल्याशिवाय काम कोण देईल?” असे म्हणून त्यांनी ती पुन्हा लिहिली.

जयलक्ष्मीपुरममधल्या एका कंपनीच्या भरती अधिकाऱ्याने त्या संकेतस्थळावर त्यांची ओळखीची विनंती स्वीकारली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का वाटी घेऊन त्याच्या कार्यालयात हजर. रखवालदाराने त्याला खाली बोलावले.

“मॅडम, आपण कोण?” तो गोंधळून म्हणाला.

“काल स्वीकारलेत की मला!” अक्कांनी फोन पुढे धरला. “हा फोटो तुमचाच ना? बारीक झालात पण.”

त्याने अक्षत घेतली, अर्ज ईमेलने पाठवायला सांगितले आणि अक्कांना ओळखींतून काढून टाकले. मी समजावले, “अक्का, ही माणसे खरोखरीची भेटायची नसतात.” “मग जोडायची सुम्ने, उगीच कशाला?”

अशा सहा दारांवरून त्या रिकाम्या परतल्या. सातवे दार एका निवासी शाळेच्या मैसूरमधल्या कार्यालयाचे होते. प्रवेशाचे दिवस होते, विनंती स्वीकारलेल्या तिथल्या बाईंना मान वर करायला सवड नव्हती. अक्का दोन तास बाकावर बसल्या. नुसते बसवेना म्हणून समोरचा अर्जांचा विस्कटलेला ढीग इयत्तावार लावू लागल्या. बाई बाहेर आल्या तेव्हा पालक अक्कांपुढे रांगेत उभे होते. एच. डी. कोटे गावाजवळच्या त्या शाळेत अक्कांना नोकरी आणि राहायला दोन खोल्या मिळाल्या. माझ्या तीन नियमांचा यात काही वाटा असल्यास मला तो सापडलेला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी अक्का माझ्याकडे आल्या. हातात वाटी होती.

“अक्का, मला कसली अक्षत? वीस वर्षांचा शेजार आपला.”

“असू दे. नियम तो नियम,” त्या म्हणाल्या. मी हात पुढे केला. निरोपाची रीत असावी, असे मी समजलो.

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या सामानाचा टेम्पो गेल्यावर सहज फोन उघडला. प्रलंबित विनंत्यांत सर्वांत खाली अक्कांचा फोटो होता. चार महिन्यांपूर्वी, वर्गाच्या पहिल्याच रविवारी, त्यांनी पहिली विनंती मला पाठवली होती. छापखाना, म्हणजे आपले क्षेत्र नव्हे, असे पाहून तिसऱ्या नियमानुसार मीच ती बाजूला ठेवली होती; तरी अक्का आपली अक्षत देऊन गेल्या होत्या.

विनंती स्वीकारली. मग अक्कांच्या दारी न्यायला स्वयंपाकघरात जाऊन वाटीत तांदूळ घेतले. कुंकू किती घालायचे, हे मात्र मला ठाऊक नव्हते.