काकूंचं कॅसिनोतलं कीर्तन

"काकू, माझं कार्ड द्या म्हणतो ना!" आयटीतला एक नागपूरचा पोरगा कॅसिनोच्या दारात ओरडत होता. खिशातली कॅश तो हरला होता. कार्डावर मात्र आईबाबांना अमेरिकेत आणायला साठवलेले पैसे होते.

जर्सी सिटीतून समुद्रकाठच्या या कॅसिनोला जाणाऱ्या बसमध्ये या काकू दर शनिवारी असतात. स्वतः एक डॉलरसुद्धा लावत नाहीत. निघतानाच आम्हा सगळ्या मराठी मंडळींची कार्डं मागून घेतात आणि चष्म्याच्या डबीत ठेवतात. परत मिळतात ती घरी जाताना.

काकूंनी डबी उघडली नाही. दाराजवळच्या बाकावर बसूनच त्यांनी लंडनच्या रस्त्यांवरचं एक जुनं, चावट इंग्रजी गाणं सुरू केलं. आवाज असा, की जॅकपॉटच्या घंटा लाजून गप्प बसल्या आणि बाहेर समुद्र भरती विसरला. गाण्यातला वारस बापाची गिरणी फाशांवर हरतो, घोडे दारूत घालवतो आणि सकाळी, पँटसुद्धा एका बाईकडे राहिल्यामुळे, टोपी पुढे धरून घरी येतो. मध्ये मध्ये थांबून काकू अगदी कीर्तनकारासारखा अर्थ सांगत होत्या. "पुढची दोन कडवी सोवळ्यातली नाहीत," म्हणाल्या, आणि नेमकी तीच जास्त जोरात गायल्या.

आधी दारावरचा सिक्युरिटीवाला हसला. मग नाइलाजाने पोरगाही हसला, आणि हसता हसता काकूंशेजारी मटकन बसला.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "काकू, तो हट्टालाच पेटला असता तर?"

"दिलं असतं," काकू म्हणाल्या. "त्याचंच आहे."