दुपारचं सत्र

बारावीच्या इतिहासात युरोपातलं प्रबोधन, वसाहती, महायुद्धं असं सगळं जग आलं, आणि आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणासाठी बीडला बोलावलं. सत्रं घेणाऱ्या तज्ज्ञांच्या यादीत माझं नाव असणार, असं मी धरून चाललो होतो. वडवणीच्या आठवडी बाजारात भाजी विकत मी शिकलो. शिफारस कुणाची नव्हती. पंधरा वर्षं हाच विषय शिकवत होतो. यादीत नाव निघालं ते माजलगावकडच्या एका बाईंचं. त्यांची नोकरी चार वर्षांची.

दुपारचं सत्र त्यांचं होतं. चार वाजता अधिकारी येऊन ते पाहणार आणि त्यांना राज्य प्रशिक्षणाला पाठवायचं की नाही ते ठरवणार होते. बाईंना पाहणी होणार एवढंच ठाऊक होतं; ती आज चारला आहे, हे मला माहीत होतं.

आमच्याकडे दोन्ही सत्रांच्या सह्या सकाळीच होतात, त्यामुळे दुपारी निघून गेलं तरी हजेरी लागते. जेवण झाल्यावर मी बाईंना गाठलं.

"मॅडम, लई ऊन हाय. आमच्या गाड्या चुकतेत. वीस मिनिटांत उरका."

"वीस मिनिटांत कसं होईल सर? अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा आपल्याकडचा कापूस कशानं महागला, तिथून सुरुवात केलीय. तासभर तरी द्या."

"कापूस मला शिकवता? वेचून मोठा झालोय मी!" माझा आवाज चढला.

तेलगावचे एक सर हसले. "मॅडम, घासाघीस करू नका. बाजारात यांनी भल्याभल्यांना रडवलंय."

त्या पाऊण तासावर आल्या, मग अर्ध्यावर. मी म्हणालो, "उद्या सकाळी घ्या. आमी सगळे पुढं बसतो." त्या कबूल झाल्या. सकाळी अधिकारी फिरकत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

आम्ही सगळे निघून गेलो. चारला अधिकारी आले तेव्हा रिकाम्या सभागृहात बाई एकट्याच होत्या, टेबलावर नकाशे आणि कापसाची बोंडं. त्यांचं नाव कटलं. दुसऱ्या दिवशीची सकाळ ऑनलाइन माहिती भरण्यात गेली; बाईंचं सत्र राहिलंच. मी अधिकाऱ्यांना एक फोन केला असता तर चुकी कुणाची ते कळलं असतं. केला नाही. मला डावललं होतं, हे मी आजही म्हणतो. पण डावललं अधिकाऱ्यांनी, आणि त्याची वसुली मी केली त्या बाईंकडून.

यंदाच्या प्रशिक्षणात बाहेरून आलेले तज्ज्ञ पडद्यावरचं नुसतं वाचून दाखवत होते. बाई मागच्या बाकावर वहीत मान घालून बसलेल्या. नव्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी सत्र घेईल का?"

मी उठलो आणि बाईंचं नाव घेतलं. "यांच्यासारखा पाठ जिल्ह्यात कुणी घेत नाही साहेब."

"तुम्ही पाहिलाय?"

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान वर केली.

"बसा सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी बसलो. साहेबांनी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लिहून घेतलं.