पार्सल शिवणारे काका

वर्ध्याच्या पोस्टाबाहेर लिंबाखाली एक काका कापडी पार्सलं शिवायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून ते पहिल्या खेपेलाच सुईत दोरा ओवत, आणि टाके असे घालत की मधे नख शिरू नये.

एकोणऐंशी साली जबलपूरला शिकणाऱ्या धाकट्या भावासाठी मी स्वेटर आणि डिंकाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेले. स्वेटरच्या बाहीत त्याच्या परीक्षेच्या फीचे दोनशे रुपये दडवले होते. काकांनी सामान कापडात गुंडाळलं, वरून हात फिरवला आणि ते थांबले.

"बाई, यात नोटा हायेत. काहाडा."

"चोरीला जातील का?"

"चोरीचं नाई म्हणत मी. फी कधी भराची हाय?" पत्त्यातलं कॉलेजचं नाव वाचून त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

"सोमवारी."

"मंग? पार्सल आपल्या चालीनं जाते. पैसे तारेच्या मनीऑर्डरनं धाडा. लाडू उशिरा पोचले तं चालते. फी चुकली तं पोराचं वर्ष जाते."

मी नोटा काढल्या आणि तार मनीऑर्डर केली. फी वेळेवर भरली गेली. पार्सल मात्र परीक्षा सुरू झाल्यावर पोचलं.

पुढच्या महिन्यात मी त्यांचे आभार मानायला गेले, तर त्यांना मी आठवतही नव्हते. सगळं ऐकून ते मोकळेपणानं हसले.

"रोज कोणाले ना कोणाले सांगाच लागते, बाई. कोणाकोणाले ध्यानात ठेवू?"