तेलाचं फाटक

“वाफ गेली का तेल गेलं पायजे, बाकी मंग भट्टी तुमची, मालक तुमी.”

भैय्यालालसेठच्या फाउंड्रीत बर्नर बसवून झाल्यावर जागेश्वर कापगते एवढंच बोलला होता. सेठला दुसरंच ऐकायचं होतं: तेल किती वाचेल, भट्टीतलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, किती लवकर वितळेल. नवा बैल जुंपल्यावर शेतकरी त्याची चाल बघतो, तसा जागेश्वर ज्योतीकडं बघत उभा राहिला.

माणूस पन्नाशीचा, अंगानं सुका, भुवया कधीच्या जळालेल्या. मूळ नवेगाव बांधचा. घरची धानाची शेती भाऊ बघायचा. जागेश्वरला धानापेक्षा धानावर फवारायच्या पंपाचं वेड. पंपाच्या पितळी तोंडातून औषधाचं धुकं कसं होतं आणि मधेच नुसती धार का लागते, हे कळेपर्यंत त्यानं गावातले बरेच पंप बिघडवले, आणि शिव्या खाऊन दुरुस्तही केले. पुढं तो गोंदियाला आला आणि एका उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या मिलमध्ये बॉयलरवर लागला. भुसा ढकलायचा, काचेतलं पाणी बघायचं, आणि धान उकडून झालं की उरलेली वाफ आभाळात जाताना बघत बसायचं.

भिंतीपलीकडं भैय्यालालसेठची फाउंड्री होती. राईस मिलांना लागणाऱ्या बिडाच्या पुल्या तिथं ओतत. तिथल्या भट्टीत काळं तेल नीट जळायचं नाही. दुपारभर धूर, आणि मिलच्या अंगणात वाळत घातलेल्या धानावर काजळी. इकडं वाया जाणारी वाफ, तिकडं अर्धवट जळणारं तेल. जागेश्वरच्या डोक्यात मधली भिंत शिरली ती निघेचना. त्याची बायको सुशिला शेजारणीला सांगायची, “आमचे हे वरणाच्या वाफेकडं पायत रायतेत. वरण थंडं होते, ह्यायचं पाहणं काई सरत नाई.”

मग त्यानं मिल सोडली, एक जुना लेथ घेतला आणि बर्नर घडवायला बसला. नळीच्या आत नळी. आतून तापवून पातळ केलेलं तेल, बाहेरून वाफ. दोघांची गाठ अगदी तोंडाशी पडायची, बारीक तिरप्या भोकांत. वाफ तेलाला फाडायची, त्याचं धुकं करायची, आणि ते धुकं पेटायचं. ज्योत आखूड, पिवळीधमक, धूर नाही. आवाज मात्र पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा.

यात एक खोट होती. वाफेचा जोर कमी झाला की तेल फाटत नाही, धारेनं सांडतं. ज्योत विझते. लाल विटांवर पडलेल्या तेलाचा धूर भट्टीत कोंडतो, आणि ठिणगी मिळाली की एकदम पेटतो. समोर माणूस असेल तर माणसासकट. जागेश्वरच्या भुवया अशाच गेल्या होत्या. म्हणून त्यानं तेलाच्या नळीवर एक व्हॉल्व्ह बसवला. वाफेचा जोर त्याला उघडा धरून ठेवायचा. जोर गेला की आतली स्प्रिंग तो मिटवायची. गोंदियात अर्धं आयुष्य रेल्वेच्या फाटकावर थांबण्यात जातं. कामगारांनी त्या व्हॉल्व्हला फाटक म्हणायला सुरुवात केली.

पण फाटकाच्याही आधी तिथं एक रीत पडली होती. मिलमध्ये धानाच्या टाक्यांना वाफ सोडायची झाली की सगळी वाफ तिकडं ओढली जायची. म्हणून मिलचा सुखराम चाक फिरवण्याआधी, भिंतीतून बर्नरकडं नेलेल्या वाफेच्या पाईपावर पान्यानं दणदणीत ठोके द्यायचा. लोखंडातून आवाज भिंतीपलीकडं भट्टीपाशी यायचा. तिथला मनिराम तेल बंद करायचा, टाक्या भरेपर्यंत बिडी ओढायचा, आणि वाफ परतली की पलित्यानं भट्टी पुन्हा पेटवायचा. कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. दोन माणसं एका पाईपाच्या दोन टोकांना राहत होती, एवढंच.

सेठची भट्टी ही जागेश्वरच्या बर्नरला मिळालेली पहिली मोठी भट्टी. इथं तो टिकला तर बाकीचे फाउंड्रीवाले येणार होते. दोघे येऊन बघूनही गेले होते. जागेश्वरला झोप लागेनाशी झाली होती ती यामुळंच. थंडी वाढली तसा उघड्या पाईपात वाफेचं पाणी व्हायला लागलं, ज्योत फुरफुरू लागली. तेव्हा त्यानं भिंतीपासून भट्टीपर्यंतच्या पाईपावर काचलोकरीची जाड पट्टी गुंडाळली, वरून पत्रा मारला. स्वतःच्या हातानं, सबंध दिवस खपून. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली भट्टी लागली तेव्हा तो बघायला आला.

ज्योत सुरेख होती. तो तिच्याकडं बघत असतानाच त्याची नजर खाली गेली. फाटकाच्या दांड्याला तार बांधलेली होती. घट्ट, दुहेरी पीळ दिलेली. फाटक आता मिटणारच नव्हतं.

“मनिराम, हे काय होय गा?”

मनिराम देवरीकडचा. भट्टीवर वय गेलेलं, डोळे लाल, गळ्यात ओला पंचा. तो हसला. “काई नाई भाऊ. तुमचं फाटक लय भित्रं आहे. जरा वाफ हालली का पडते. परवा बीड आतमंदी जमता जमता वाचलं. सेठनं मायवरून शिव्या देल्या.”

“म्हून बांधून टाकलं?”

“सुखराम ठोकते ना पाईप! ठोका आयकला का मी तेल बंद करतो. माहे कान काई बुढे नाई झाले.”

“तार काढ.”

“काढतो ना. एवढी भट्टी उतरू द्या.”

“मनिराम, आत्ता काढ म्हनतो ना.”

“काऊन एवढे तापून राहिले भाऊ? भट्टी तापू द्या, तुमी कायले...”

वाक्य पुरं झालं नाही. पत्र्यावरचा पाऊस थांबावा तसा ज्योतीचा आवाज खाली आला. आधी घोरल्यासारखा, मग घशात काही अडकल्यासारखा. ज्योत लांबली, तांबडी झाली, मान टाकलेल्या जनावरासारखी खाली झुकली आणि गेली.

ठोका आला नव्हता. मनिरामनं पाईपाकडं पाहिलं, जागेश्वरकडं पाहिलं. भट्टीच्या तोंडातून पिवळट पांढरा धूर निघू लागला, जड, आळशी. आत तेल पडत होतं.

“तेल बंद कर!” जागेश्वर ओरडला. तेलाचा कॉक पलीकडं, मनिरामच्या हाताशी होता. खिशातली पक्कड काढून तो फाटकाशी बसला. पहिला पीळ तुटला, दुसरा निसटला, बोट फाटलं. मग तार तुटली आणि स्प्रिंगनं फाटक खाडकन मिटवलं.

त्यानं मान वर केली तेव्हा मनिराम भट्टीच्या तोंडासमोर उभा होता. हातात लांब सळई, तिच्या टोकाला तेलात भिजवलेली चिंधी, चिंधी पेटलेली. त्यात मनिरामचा विचार असा काही नव्हता. ज्योत गेली की पलिता पेटवायचा, हे त्याच्या हाताला इतकं ठाऊक होतं की हात त्याला विचारत नव्हता.

“मनिराम, थांब!”

ऑफिसमधून भैय्यालालसेठ धावत आला. अंगानं भारी माणूस, चप्पल एकाच पायात. “क्या हुआ? बुझ गई? अरे तो जला ना! देख क्या रहा है? लोहा जम जाएगा!”

“सेठ, आत धूर कोंडला हाय. पलिता लावू नका.”

“कापगतेजी, पूरी भट्टी भरी है! जम गया तो भट्टी तोडनी पडेगी, मालूम है ना? मनिराम, जला!”

मनिराम हलला नाही. पलित्याची आच त्याच्या चेहऱ्यावर नाचत होती. एकीकडं रोजचा मालक, दुसरीकडं हा भुवया नसलेला माणूस.

जागेश्वरला कळत होतं, वाफ आली तर भट्टी आतून झाडून निघेल. वाफ सुखरामच्या हातात होती. त्यानं जमिनीवरचा पाना उचलला आणि पाईपावर हाणला. आवाज झाला नाही. म्हणजे झाला, पण पोत्यावर काठी पडावी तसा. त्यानं पुन्हा हाणला. पत्रा चेपला, आतली लोकर दबली. बस्.

तो तसाच उभा राहिला. काल याच पट्टीवरून त्यानं मायेनं हात फिरवला होता. सुखरामनं ठोके दिले असणारच. ते भिंतीपर्यंत आले असणार आणि तिथून पुढं, जागेश्वरनं एवढ्या निगुतीनं गुंडाळलेल्या त्या मऊ काळोखात, मरून गेले असणार. त्यानं वाफेचा विचार केला होता. तेलाचा केला होता. पाईप बोलतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मनिरामनं ठोक्याच्या भरवशावर फाटक बांधलं, आणि जागेश्वरनं फाटकाच्या भरवशावर ठोका गुंडाळून टाकला.

“जला रे!” सेठचा आवाज चिरकला.

आता भिंतीपाशी जायला हवं होतं. तिथली पट्टी फाडून उघड्या लोखंडावर ठोकायला हवं होतं. म्हणजे मनिरामकडं पाठ करायला हवी होती. पाठ वळली आणि सेठ आणखी एकदा ओरडला तर?

“मनिराम,” तो हळू बोलला, “माह्या तोंडाकडं पाय. ह्या भुवया कशा गेल्या, तू कधी इचारलं नाई. अशाच गेल्या. पलिता रेतीत टाक आन् बाजूले हो.”

उत्तराची वाट न बघता तो वळला. भिंतीपर्यंतचं अंतर तो पळाला की चालला, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. पत्र्याच्या कडेत पाना घालून त्यानं पत्रा उचकटला, लोकर मुठीमुठीनं ओढली. काचेचे तंतू फाटक्या बोटात शिरले. लोखंड दिसलं. त्यानं ठोकलं, आणि ठोकतच राहिला. पाईप घंटेसारखा वाजला. पलीकडून क्षणभर काही नाही. मग सुखरामचा ठोका आला, आणि मग चाक फिरल्याची कुरकुर.

त्याच वेळी मागं धप्प झालं.

फार मोठा आवाज नव्हता. ओली चादर दगडावर आपटावी एवढाच. जागेश्वर वळला. भट्टीच्या तोंडातून ज्वाळेची रुंद जीभ बाहेर येऊन गेली होती. लाल विटांवरच धुरानं पेट घेतला होता. समोरची पाण्याची प्लास्टिकची बादली एका बाजूनं वितळून वाकली होती. मनिराम बादलीपाशी नव्हता. तो बाजूच्या रेतीच्या ढिगाशी उकिडवा बसला होता, पलिता रेतीत दांड्यापर्यंत खुपसलेला, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरलेले.

वाफ आली. जागेश्वरनं तेलाचा कॉक बंद केला आणि नुसती वाफ भट्टीतून सोडली. पांढरे लोट बाहेर पडले, सगळं छप्पर भरलं, विरलं. सेठ खुर्चीत बसला होता. त्याची दुसरी चप्पल सापडत नव्हती आणि तो ती शोधत होता.

“गलती किसकी?” शेवटी तो म्हणाला. मनिरामकडं बघून म्हणाला. “तार किसने बांधी?”

मनिराम उठला. “मीनं बांधली सेठ.”

“ठोका माह्यामुळं मेला,” जागेश्वर म्हणाला. “पट्टी मीनं गुंडाळली. सुखरामले नाई सांगतलं, ह्याले नाई सांगतलं. तार त्यानं बांधली, ते अर्धं झालं. अर्धं माहं.”

माणसं अशी कबुली देतात याची सेठला सवय नसावी. मग त्याला एकदम हलकं वाटलं. कामाचा रस्ता सापडला होता.

“तो फिर आसान है. पट्टी निकालो, ठोका चालू. बढिया. और वो फाटक भी निकाल दो, कापगतेजी. भट्टी बीच में बंद करता है. मनिराम के कान काफी हैं. अभी जला दो, आधा लोहा बच जाएगा.”

“फाटकाबिगर हा बर्नर चालनार नाई.”

“चलता है. सुबह से तार बांधके ही तो चल रहा था! और दो फाउंड्रीवाले शाम को देखने आ रहे हैं, मैंने बोल रखा है. तुम्हारे ही भले की बात है.”

जागेश्वरनं भट्टीकडं पाहिलं. विटा अजून लाल होत्या. आत बीड जमत चाललं होतं, वरच्या थरावर साय धरावी तसं.

“मनिराम,” सेठ म्हणाला, “फाटक खोल. पाना ले.”

मनिरामनं पाना उचलला नाही. तो वितळलेली बादली उलटसुलट करून बघत होता, जणू तिला डाग लावता येईल का ते त्याला ठरवायचं होतं. “माहे हात हालून राहिले सेठ,” तो म्हणाला. “तुमीच खोला.”

“कापगतेजी, सोच लो. आज ये भट्टी बंद, तो कल से इस गाव में कौन पूछेगा तुम्हारे बर्नर को?”

जागेश्वरनं आधी वाफ बंद केली, मग तेलाची नळी सोडवली. बर्नरची पकड सैल केली. गरम नळीला मनिरामच्या गळ्यातला ओला पंचा गुंडाळला; तो पंचा मनिरामनं न मागता काढून दिला होता. चर्र आवाज झाला. फाटकासकट सबंध बर्नर बाहेर आला आणि भट्टीला तिथं एक गोल काळं भोक उरलं.

“कापगते! बोल तो सही कुछ!”

त्यानं बर्नर दोन्ही हातांवर पेलला. बोटातून अजून रक्त येत होतं. सेठच्या बाजूनं, रेतीच्या ढिगाला वळसा घालून, तो फाउंड्रीच्या फाटकातून बाहेर पडला.