डॉक्टरांचा दाब

ती घटना आठवली की आजही भाजी निवडता निवडता मी एकटीच हसते.

बदलापूरच्या पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. सकाळची हजेरी चालली होती, तेवढ्यात बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक बाई रडत आत आली.

"बाय, माझ्या घरवाल्याला टाकीत कोंडलाय. दाब देतान त्याला!"

नवरा पाणबुड्या, धरणाच्या जाळीत अडकलेला कचरा काढणारा. कोंडणारा म्हणे उल्हासनगरचा ठेकेदार. माणूस डांबून दाब देतात म्हटल्यावर मी थांबते होय? ठेकेदाराला उचलूनच आणलं.

"मॅडम, मैंने कुछ नहीं किया! दाब तो डॉक्टर देता है!"

"डॉक्टर कशाला धमकी देईल रे?"

"धमकी नहीं मॅडम, हवा का दाब!"

त्याच्याकडून नंबर घेऊन मुंबईच्या त्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते माझ्यावरच तापले. "खोल पाण्यातून घाईनं वर आला की अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. याच्या मणक्यात अडकलेत, पाय लुळे पडलेत. टाकीत दाब वाढवून ऑक्सिजन दिला की ते विरतात. पण उपचाराच्या एकाच फेरीनंतर काल घरच्यांनी त्याला पळवलं! उशीर झाला तर पाय गेले समजा."

म्हणजे माणूस टाकीत नव्हताच. मग कुठे? बाईला चहा दिला. बशीत फुंकर मारत ती पुटपुटली, "पाय अजून गारच हायत."

"अजून? तुला कसं गं ठाऊक?"

बाईची नजर दाराकडे गेली. हवालदार बाहेर जाऊन आले. "मॅडम, अपहृत इसम मिळाला." ठाण्याच्याच दारात, तिच्या भावाच्या टेम्पोत, ताडपत्रीखाली आडवा पडून वडापाव खात होता! कोणी परत नेऊ नये म्हणून बाईनं आधी नवरा आणला आणि मग फिर्याद.

"आमच्या पाड्यावरच्या एकाला तुम्ही पोलिसांनी दाब दिलेला बाय, लंगडत घरी आला."

मी ओशाळले. म्हटलं, "आमचा दाब बोलतं करायला असतो गं. डॉक्टरांचा चालतं करायला."

ती पदर खोचून म्हणाली, "मी टाकीपाशीच बसन."

तासाभरात ॲम्ब्युलन्स निघाली. घाईनं वर यायला ठेकेदारानंच सांगितलं होतं, असं पाणबुड्याच्या जबाबात निघालं, तेव्हा निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर नोंदवलाच.

तेव्हापासून मी एक शिकले. आरोपी उचलण्याआधी फिर्यादीला तिच्या शब्दाचा अर्थ विचारावा.

काही महिन्यांनी दोघं डांबल्याची तक्रार मागे घ्यायला आली. तो काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. मी खुर्ची पुढे केली.

"नको बाय," तो म्हणाला, "जरा उभा राहू दे."