अक्काचा वाजणारा गुडघा

अक्का दिसण्याआधी तिचा गुडघा ऐकू यायचा. चामराजपेटेतल्या आमच्या जिन्यावर कट्, कट् वाजलं की आई आतूनच विचारायची, “अक्का, आलीस गं?” माझी ही थोरली बहीण. सारा जन्म पायमशीनवर ब्लाउज शिवत बसलेली. गिऱ्हाइकांना म्हणायची, “बाजूला व्हा, माझा हॉर्न वाजतोय.”

कुणी घाई केली की तिचं ठरलेलं असे, “स्वल्प थांब रे. ओढून शिवलं की शिवण चुण्या धरते.” गुडघ्याची कूर्चा झिजली, तेव्हा फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, आधी नेमाने व्यायाम, ऑपरेशनचं नंतर बघू. अक्काला ते पटलं. स्टुलावर बसायची, पाय समोर सरळ धरायची आणि तो तसाच ठेवून हाताने बाही टाचायची. “काल बाही निम्म्यावर असतानाच पाय खाली आला होता. आज थोडीच राहिली बघ!”

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहायचो. दर शनिवारी ट्रॅफिकमधून येऊन तिला त्या बाईंकडे न्यायचं काम माझं. मला कंटाळा आला होता. एवढंच कारण, आजवर कुणापाशी बोललो नाही. दुर्बिणीतून गुडघा साफ करणाऱ्या डॉक्टरांकडे मीच तिला नेलं. त्यांनी तिला विचारलं, “व्यायाम करून पाहिलेत?”

“खूप केले. काही उपयोग नाही,” मी म्हणालो.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. परक्यांसमोर भावाचा शब्द खोडायचा नाही, ही आमच्या घरची रीत. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, “बाही पुरी होत आली होती रे.”

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. गुडघा मात्र आखडला तो आखडलाच. पायमशीनवर चादर पडली. अक्का मला एका शब्दानेही बोलली नाही. वर्षाभरात कसल्याशा तापाने गेली. गुडघ्याचा त्यात काही संबंध नाही, असं सगळे मला समजावतात.

आता मी आईपाशीच राहतो. माझाही गुडघा झिजलाय. अक्काच्या स्टुलावर बसून पाय सरळ धरतो. हातात बाही नसते, त्यामुळे खाली कधी ठेवायचा ते कळत नाही.

परवा जिना चढताना गुडघा वाजला. आतून आईचा आवाज आला, “अक्का, आलीस गं?”

मी उंबऱ्यातच थांबलो. नाही म्हणवेना.

“बस आधी,” आई म्हणाली. “पाय सरळ कर.”

मी बसलो.