कपाटाने घेतलेली बाबागाडी

लोक त्याला कपाट म्हणायचे आणि त्यालाही त्यात काही गैर वाटत नसे. सामान हलवायच्या धंद्यात तो नवा होता तेव्हाची गोष्ट. तीन दारांचं कपाट त्याने एकट्याने पाठीवर घेतलं आणि जिना चढायला लागला. वरून एक आजीबाई उतरत होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक कपाट दोन पायांनी वर येतंय. त्या भिंतीला चिकटल्या आणि अदबीने म्हणाल्या, "आधी तुम्ही जा." नाव पडलं ते तिथेच. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यानंतर कुणी विचारलंही नाही.

धंद्याने त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या आणि त्या तो कुणी न विचारता सांगायचा. एक, चाकांवर भरवसा ठेवायचा नाही. चाकं घसरतात, फटीत अडकतात, उतार दिसला की परक्यासारखी निघून जातात. दुसरी, एकदा उचललेला माल पोचेपर्यंत टेकवायचा नाही. टेकवलेलं ओझं पुन्हा उचलताना दुप्पट होतं.

घरात चार पोरं. पाच वर्षांची थोरली, तिच्यामागे जुळे आणि शेवटी तान्ही. बाहेर निघायचं म्हटलं की थोरली त्याच्या खांद्यावर, जुळे दोन काखांत आणि तान्ही पट्ट्याने छातीशी बांधलेली. असा तो रस्त्याने चालायला लागला की लोक वाट सोडायचे. बायको मागून पाण्याची बाटली घेऊन यायची. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नसे, आणि याचा तिला थोडा राग होता.

मग एके दिवशी जेवताना चमचा पडला. तो उचलायला कपाट वाकलं आणि तसंच राहिलं. लोखंडी तिजोऱ्यांना जे जमलं नव्हतं ते चमच्याने केलं. डॉक्टरांनी बजावलं, आता पोरांना उचलणं बंद. कामावर लंबू आणि बुटका या त्याच्या दोघा जोडीदारांनी मुकाट्याने जड बाजू आपल्याकडे घेतली. ही दया त्याला चमच्यापेक्षा जास्त लागली.

"आपण बाबागाडी घेऊ," बायको म्हणाली.

त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. पोरं गाडीत बसली, तर आपलं काय उरलं? त्याला गोष्टी सांगता येत नव्हत्या, गाणी येत नव्हती, हिशेब शिकवायला घेतला तर थोरलीच त्याच्या चुका काढायची. पोरांना तो हवा असायचा तो उंचीसाठी. खांदे गेले, की बाप म्हणून आपण संपलो, अशी त्याच्या मनाने सरळ गाठ बांधली होती.

दुकानात विक्रेतीने त्यांच्यापुढे तीन आसनांच्या गाड्या ओळीने मांडल्या. बायकोने ब्रेक दाबून पाहिले, कापड धुता येतं का विचारलं. विक्रेती म्हणाली, "ही तर एका बोटाने वळते बघा."

"वळते ते कळलं," कपाट म्हणालं. "धरायला कुठे आहे?"

"हे काय, दांडा."

"तो ढकलायला. उचलायला?"

विक्रेतीला उत्तर सुचायच्या आत त्याने पहिली गाडी खांद्यावर घेतली आणि झबल्या-टोपड्यांच्या रांगांमधून एक फेरी मारून आला. "हिचा तोल डावीकडे जातो." दुसरी घेतली. "हिची कड हाताला कापते." जुळ्यांना हा खेळ आवडला. तिसऱ्या गाडीत ते आधीच चढून बसले आणि बापाने उचलायची वाट बघू लागले. थोरली पुढे चालत, कामावरच्या माणसांसारखी ओरडत होती, "कोपरा! कोपरा सांभाळा!"

"अहो, पाठ!" बायको ओरडली.

"फक्त अंदाज घेतोय," तो म्हणाला, आणि विक्रेतीकडे वळला. "चाकं काढून मिळेल का?"

"चाकं काढून?"

"उगीच वजन आहे."

"साहेब, चाकं काढली तर ती बाबागाडी राहत नाही."

"मग काय राहते?"

विक्रेतीने प्रामाणिकपणे विचार केला. "टोपली."

"मग टोपली दाखवा."

शेवटी घेतली ती सगळ्यांत रुंद गाडी. बायकोला तिचा ब्रेक आवडला, पायाने नुसता दाबला की गाडी जागची हलत नसे. त्याला आवडला तो तळाचा आडवा दांडा, मुठीत अगदी फिट बसणारा. वस्तू एक आणि कारणं दोन, त्यांचं एकमत नेहमी असंच व्हायचं.

सुटीच्या सकाळी बागेत जायचं ठरलं. तान्हीला कडेवर घेऊन रिकामी गाडी आपण खाली नेऊ, बाकीची पोरं चालत उतरतील, असा बायकोचा बेत होता. ती बाटली भरायला आत गेली आणि बाहेर येऊन बघते तर दारात कुणीच नाही. जिन्यात वाकून पाहिलं. थोरली पुढे वाट दाखवत, धाकटी तिघं कमरेचे पट्टे लावून राजासारखी बसलेली, आणि गाडी अधांतरी खाली चाललेली.

तळमजल्यावर तिने त्याला गाठलं. "आता ठेवा खाली!"

"पोचल्यावर."

"अहो, तिला चाकं आहेत!"

"असू देत की. मी कुठे नाही म्हणतो?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली, पण तो दरवाजाबाहेर गेलासुद्धा.

रस्त्यावर जुळ्यांना नवा शोध लागला. हात खाली घालून चाकाला चापट मारली की ते हवेत गरगर फिरतं. कोपऱ्यावर पेपर वाचत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी काळजीने विचारलं, "चाक निखळलं का हो?"

"नाही, नवी आहे."

"मग?"

"नवी आहे म्हणूनच."

गृहस्थांनी मान डोलावली आणि मग बराच वेळ पेपर उलटा धरून वाचला.

बागेचं फाटक दिसायला लागलं आणि कपाटाच्या कमरेत कुणीतरी किल्ली फिरवल्यासारखं झालं. तो वाकला तो तसाच थांबला. पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि हातात तीन पोरं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपल्या हातून सुटेल. तो घाबरला. मोठा माणूस घाबरला की तोंडावर लगेच दिसतं, आणि थोरलीला ते दिसलं.

"बाबा, हलू नकोस," ती म्हणाली. "आई, तू ते टोक धर. सावकाश. मी तीन म्हणेन तेव्हा."

गाडीची चाकं अशी पहिल्यांदा जमिनीला लागली. बायकोने पट्टे सोडून पोरं उतरवली, तान्हीला कडेवर घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलासारखा उभा होता.

"बसा गाडीत."

"मी? ती मोडेल."

"मोडली तर टोपली होईल. बसा!"

तो तिन्ही आसनांवर आडवा पसरला, पाय एका बाजूने बाहेर. बायकोने एका हाताने ढकललं, जुळ्यांनी दांड्याला लोंबकळून मदत केली की अडवलं ते सांगता येत नाही. कपाटाने डोळे गच्च मिटले. आता चाकं दगा देणार, आता देणार. चाकं नुसती चालत राहिली. कोपऱ्यावर पेपरवाल्या गृहस्थांनी मान वर केली.

"माल परत चाललाय," थोरलीने परस्पर सांगून टाकलं.

जिन्याशी येऊन बायकोने लंबू-बुटक्याला फोन केला. ते सामान बांधायचे पट्टे घेऊनच आले आणि गाडीभोवती फिरले. "आडवा न्यावा की उभा?" लंबूने विचारलं. "पाय काढता येत नाहीत ना?" बुटका म्हणाला. मग दोघांनी तळाचा आडवा दांडा पकडला आणि लंबू खूश झाला. "वा! उचलायला काय मस्त केलीय हो ही गाडी!"

कपाटाने त्या अवस्थेतही बायकोकडे विजयाने पाहिलं.

पहिला मजला झाला. दुसऱ्यावर दोघांना धाप लागली, बुटक्याच्या कपाळावरून घाम ओघळून कपाटाच्या शर्टावर पडला. पण टेकवायचं कुणाचंच धाडस होईना. नियम कुणाचा होता ते दोघांनाही माहीत होतं.

"दादा," शेवटी लंबू चाचरत म्हणाला, "टेकवू का जरा?"

कपाटाने जिन्याच्या उरलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं. आपल्या पाठीवर आलेल्या कुठल्याही ओझ्याने कधी तोंड उघडलं नव्हतं, म्हणून त्याने कधी विचारलंही नव्हतं. आता ओझं तोच होता, आणि त्याला खाली यायचं होतं. फार फार वर्षांपासून यायचं होतं.

"टेकवा रे," तो म्हणाला.

गाडी वळणावरच्या मोकळ्या जागेत टेकली. बायकोने पायाने ब्रेक दाबला आणि ती जागची हलली नाही. लंबू-बुटका पायरीवर बसले. जिना चढून थकलेली थोरली बापाच्या पायांवरून वर सरकली आणि त्याच्या पोटावर डोकं ठेवून पडली. ते बघून जुळे दोन्ही बाजूंनी काखांत घुसले, तिथली त्यांची जागा ठरलेलीच होती. तान्ही आईच्या कडेवरून हात पसरून रडू लागली, तेव्हा बायकोने तिलाही त्याच्या छातीवर ठेवलं. एकही पोर त्याने उचललं नव्हतं, तरी सगळी अंगावर होती. त्याचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

बुटक्याने तो ढीग बघितला आणि कपाळाला हात लावला. "दादा, आता हे सगळं उचलायचं कसं?"

"उचलायला सांगितलंय कुणी?" कपाट म्हणालं. "बसा गुपचूप."